३ इंच लिफ्टवर डबल कार्डन फ्रंट शाफ्ट: आठ महिने, ९,००० किमी

गाडी ३ इंच उचलली (लिफ्ट) की पुढच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट जास्त कोनात चालतात, रबरी बूट फाटतो आणि थरथर येऊ शकते. त्यावर उपाय म्हणून डबल कार्डन, म्हणजे दोन क्रॉस (अधिक चिन्हासारखे सांधे) जोडून केलेला जॉइंट असलेला शाफ्ट बसवला. आधी निकाल सांगतो. ट्रान्सफर केसकडच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सकडच्या) जॉइंटचा प्रश्न पूर्ण सुटला. पिनियनकडचा (ॲक्सलच्या डिफरन्शिअलमध्ये शिरणाऱ्या दात्यांच्या दांड्याकडचा) अर्धाच सुटला, पण त्यात शाफ्टचा दोष नाही.

गाडी सॉलिड फ्रंट ॲक्सलची (पुढच्या दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड ॲक्सल), पार्ट-टाइम फोर-व्हील. टायर ३१ इंची, डिफरन्शिअलचं गुणोत्तर ४.१०. पुढे फ्री-व्हील हब (चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) नाहीत, त्यामुळे टू-व्हीलमध्येही पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरत राहतो. मूळ शाफ्टला वर रबर बूटमधला गोट्यांचा सीव्ही जॉइंट होता आणि खाली पिनियनला साधा क्रॉस.

शाफ्टची लांबी ३० इंच. एवढ्या आखूड शाफ्टवर दर इंच लिफ्टमागे कोन जवळपास २ अंशांनी वाढतो. उभ्या गाडीत वरचा, म्हणजे ट्रान्सफर केसकडचा, कोन १२ होता, तो १८ झाला. चाक पूर्ण लटकलं की आणखी ४ इंच, म्हणजे सुमारे २६ अंश. या कोनात बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि बूट फाटतो. मग ग्रीस बाहेर, माती आत आणि गोट्यांची वाट. नवा बूट बसवून काही साधत नाही, कारण कोन तोच राहतो.

डबल कार्डन हेच २६ अंश दोन क्रॉसमध्ये तेरा-तेरा असे वाटून घेतो. एका क्रॉसने आणलेला वेगातला चढउतार दुसरा क्रॉस काढून टाकतो. एकट्या क्रॉसवर २० अंशांना बाहेरचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे ६ टक्के वर-खाली होतो. १० अंशांना तो फरक फक्त दीड टक्का, कारण चढउतार कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हे गणित पुढे खालच्या जॉइंटलाही लागू पडतं.

खर्च करण्याआधी थरथर नक्की याच शाफ्टची आहे ना, ते बघा. पुढचा शाफ्ट उतरवून टू-व्हीलमध्ये त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवा. थरथर थांबली तर दोष शाफ्टचा किंवा कोनाचा, नाही थांबली तर टायर किंवा मागचा शाफ्ट तपासा. वर दिलेल्या मापांना ८० च्या वेगात शाफ्ट मिनिटाला सुमारे २,२०० फेरे घेतो. बॅलन्सचा दोष फेरीला एक झटका देतो, कोनाचा दोन. म्हणून कोनाचा आवाज बारीक, घुमणारा येतो आणि हादऱ्यापेक्षा गुणगुण जास्त जाणवते.

बसवताना सगळ्यात नाजूक काम पिनियनचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) बदलण्याचं. नट सोडण्याआधी नट आणि पिनियनवर खूण करा, पिनियन हाताने फिरवायला किती जोर लागतो ते मोजून ठेवा. आत क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) असेल तर नट जरा जास्त आवळला गेला तरी मागे घेऊन भागत नाही, नवी स्लीव्हच घालावी लागते. नट आणि ऑइल सील नवंच वापरा. जुन्या योकवर सीलने चरा पाडलेला असतो, तो योक पुन्हा वापरलात तर तेल झिरपणारच. क्रॉसच्या स्ट्रॅपचे पाव इंची बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. जोर लावून आवळले की क्रॉसच्या टोकावरचा बेअरिंग कप दबतो, क्रॉस जड फिरतो आणि लोक शाफ्टला नावं ठेवतात. ५०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

जॉइंट अडकतो का, हे उभ्या गाडीत कळत नाही. चॅसिस घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, चाकं पूर्ण लटकू द्या, ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका आणि शाफ्ट हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. कुठेही जड लागलं तर तिथे योकच्या कानांवर चकाकणारी खूण सापडेल. या शाफ्टचा मधला योक फ्लँजला अगदी थोडा टेकत होता. कड दीड मिलिमीटर घासून भागलं, पण कपच्या भोकाजवळ ग्रायंडर नेऊ नका. त्यासोबत लिमिट स्ट्रॅप (ॲक्सलचं लटकणं रोखणारा पट्टा) लावून लटकण १ इंचाने कमी केली, की २ अंश वाचतात. स्प्लाइन (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा खाचांचा सरकता जोड) दोन्ही टोकांना बघा: ॲक्सल बंप स्टॉपला (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावरच्या रबरी अडसराला) टेकल्यावर आत किमान इंचभर जागा उरली पाहिजे आणि लटकल्यावर पुरेशी पकड राहिली पाहिजे.

आता अडचण. डबल कार्डन शाफ्टला पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत हवा, खालचा कोन शून्याजवळ. सॉलिड ॲक्सलवर मात्र पिनियन वर फिरवला की तेवढाच कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) जातो, एकास एक. या गाडीत कॅस्टर ६ ठेवला तर खालचा कोन ७, कॅस्टर ३ केला तर कोन ४. तीनवर कोन छान होता, पण हायवेवर स्टीअरिंग भरकटायचं आणि वळणानंतर आपसूक सरळ यायचं नाही. शेवटी कॅस्टर साडेचार आणि कोन साडेपाच यावर थांबलो. सातच्या तुलनेत चढउतार सुमारे ४० टक्के कमी झाला. ९० च्या पुढे हलकी गुणगुण अजून आहे, ती चालवून घेतो. पूर्ण इलाज म्हणजे ॲक्सल हाउसिंगवरचे नकलचे (स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाचे) सी आकाराचे कंस कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणं. ते काम जिगशिवाय (भाग नेमक्या जागी धरणाऱ्या साच्याशिवाय) करू नये. ट्रान्सफर केस स्पेसरने खाली घेण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. त्याने उंचीतला फरक घटतो खरा, पण केसचं तोंड वर होतं, म्हणून वरच्या जॉइंटच्या पदरात फार काही पडत नाही.

तिसऱ्या महिन्यात हळू वेगात चिमणीसारखी चूं-चूं सुरू झाली. दोन क्रॉसच्या मधला सेंट्रिंग बॉल कोरडा पडला होता. त्याचा ग्रीस भरायचा निपल आत दडलेला असल्यामुळे नेहमीची ग्रीस गन पोचत नाही, सुईसारखं नोझल लागतं. शाफ्ट फिरवत फिरवत निपल खिडकीत आणायचा आणि दोन-तीन पंप मारायचे. आता दर ऑइल बदलाला आणि पाण्यातून गाडी गेली की त्याच दिवशी लिथियम ग्रीस. गोट्यांच्या बंद जॉइंटला हे काही करावं लागत नव्हतं, तेवढा त्याचा फायदा मान्य. आठ महिन्यांनी शाफ्ट काढून बघितला तेव्हा दोन्ही क्रॉस घट्ट होते, बॉलमध्ये खेळ नव्हता आणि योकवर नवी खूण नव्हती.

२ इंचांपर्यंत लिफ्ट असेल आणि बूट शाबूत असेल, तर मूळ शाफ्टच राहू द्या.