एडीबी: फोन आणि संगणक यांच्यातील तुटलेला दुवा शोधून देणारे साधन

फोन केबलने जोडलेला आहे, त्याचे चार्जिंगही सुरू आहे, पण अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचे नाव काही येत नाही, हा अनुभव अँड्रॉइड ॲप तयार करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतोच. अशा वेळी फोन रीस्टार्ट करण्याआधी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून एडीबी, म्हणजेच संगणकावरून फोनला आज्ञा देणारा अँड्रॉइड डीबग ब्रिज, काय सांगतो ते पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. गुगलच्या प्लॅटफॉर्म टूल्समध्ये हे साधन विनामूल्य मिळते.

त्याचे उत्तर समजण्यासाठी त्याची रचना ठाऊक असावी लागते. आपण आज्ञा देतो तो क्लायंट, संगणकावरच 5037 या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) चालणारा सर्व्हर आणि फोनमध्ये चालणारी एडीबीडी ही सेवा, असे त्याचे तीन भाग आहेत. 'एडीबी डिव्हाइसेस' ही आज्ञा दिल्यावर फोनच्या क्रमांकापुढे जे शब्द उमटतात, त्यांतच बहुतेक वेळा निदान असते. 'अनऑथराइज्ड' असे आले, तर केबल आणि ड्रायव्हर यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही, कारण अँड्रॉइड 4.2.2 पासून प्रत्येक संगणकाची आरएसए की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, फोनवर मान्य करावी लागते आणि तेवढेच राहिलेले असते. परवानगीची खिडकी दिसतच नसेल, तर फोनच्या सेटिंग्जमधील डेव्हलपर ऑप्शन्समधून जुन्या परवानग्या रद्द करून केबल पुन्हा लावावी. लिनक्सवर 'नो परमिशन्स' आले, तर यूडेव्हचे, म्हणजे कोणते उपकरण कोणाला वापरता येईल हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचे, नियम तपासावेत. यादी पूर्ण रिकामी असेल, तर फोनमधील यूएसबी डीबगिंग ही सेटिंग, विंडोजवरचा ड्रायव्हर आणि सर्वांत आधी केबल पाहावी, कारण काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून डेटा जातच नाही.

मला सर्वाधिक छळले ते मात्र यांपैकी कशानेच नाही. फोन जोडला जाई आणि काही क्षणांत तुटे. दोन दिवसांनी, सर्व्हर आणि क्लायंट यांच्या आवृत्त्या जुळत नसल्याने सर्व्हर बंद करत असल्याची एक ओळ टर्मिनलमध्ये दिसली. दुसऱ्या एका साधनाने स्वतःसोबत एडीबीची जुनी प्रत आणली होती आणि दोन्ही प्रती एकमेकींचा सर्व्हर आळीपाळीने बंद करत होत्या. त्या साधनाला नव्या प्रतीचा मार्ग दिला आणि त्रास संपला. इतकी महत्त्वाची सूचना एका ओळीत येऊन इतर मजकुरात हरवते, ही या साधनातील खरी उणीव मला वाटते.

अँड्रॉइड 11 पासून केबलशिवाय, कोड देऊन जोडणी करता येते. ती सोयीची आहे, पण कोडसोबत दिसणारा पोर्ट केवळ पेअरिंगसाठी, म्हणजे फोन आणि संगणक यांची पहिली ओळख करून देण्यासाठी, असतो आणि प्रत्यक्ष जोडणीचा पोर्ट वायरलेस डीबगिंगच्या मुख्य पानावर वेगळा दिलेला असतो. नवशिके बहुधा इथेच अडतात. शिवाय ज्या वाय-फायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही, तिथे दोन्ही पोर्ट अचूक देऊनही जोडणी होत नाही. कार्यालयांत आणि वसतिगृहांत अशी बंदी असू शकते, म्हणून डेटा वाहून नेणारी एक खात्रीची केबल मी नेहमी बॅगेत ठेवतो.