2009 चं डोमेन, 44,840 रुपये आणि माझी अक्कल

लिहावं की नाही, आठ दिवस ठरत नव्हतं. नातेवाईक वाचतील. वाचू देत.

आम्ही रत्नागिरीहून हापूस विकतो, दोन वर्षांपासून वेबसाइटवरही. गूगलवर पाचव्या पानावर पडलेली. जानेवारीत एक एसईओवाला (साइट गूगलवर वर आणून देतो म्हणणारा) चिकटला, मराठीच, वाक्यागणिक 'दादा'. युरोपातल्या एका शाळेचं 2009 सालचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, सुटलंय, डीए (साइटच्या वजनाचा अंदाजी आकडा) 41, बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून तिकडे येणाऱ्या लिंका) 2,100. तुमच्या साइटकडे 301 ने, म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने, वळवलं की सगळं वजन तुमचं. किंमत 38,000, वर जीएसटी 6,840. एकूण 44,840. यूपीआयने एका दमात पाठवले.

मी अडाणी नाही. एक कंपनी दुसरी घेते, तिची साइट आपल्याकडे वळवते, तेव्हा जुन्या लिंका खरंच कामाला येतात. यात तथ्य होतं म्हणूनच फसलो.

पैसे पाठवायच्या आदल्या रात्री व्हूइज, डोमेनची नोंदणी दाखवणारं पान, उघडलं होतं. क्रिएशन डेट 2023. या डोळ्यांनी पाहिलं! विचारलं तर म्हणाला, 'दादा, ट्रान्सफर झालं की तारीख बदलते.' आणि मी अंगठा पाठवला. ट्रान्सफरने ती तारीख हलत नाही. मालकाने डोमेन सोडलं, ते मेलं आणि कोणी नव्याने नोंदवलं, तरच नवी येते. पाच मिनिटांत कळलं असतं. पण ही शेजारी बसून पेट्यांचा हिशेब करत होती, आणि तिच्यासमोर मला जाणकार दिसायचं होतं.

साइटींची जुनी रूपं साठवणाऱ्या वेबॅक मशीनचा त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट 2012 चा. सहलीला निघालेली पोरं, पिवळी बस. पुढची वर्षं मी उघडली थेट मार्चमध्ये: 2019 रिकामं, 2021 मध्ये इंडोनेशियन जुगार. गूगल आपल्या साइटचा अहवाल देतं त्या सर्च कन्सोलमध्ये आमच्या आंब्याला आलेल्या लिंकांवर शब्द काय, तर 'स्लॉट गाचोर', तिकडच्या जुगाराचा शब्द. त्या 2,100 लिंका होत्या अवघ्या 37 साइटींवरच्या. साइटी मोजा, लिंका नव्हे. आणि डीए हा मॉझ नावाच्या एसईओ कंपनीचा आकडा, गूगलचा नव्हेच. गूगलने तर मार्च 2024 मध्येच रँकिंगसाठी मेलेली डोमेनं वापरणं स्पॅम ठरवलंय. शाळेच्या जुन्या पत्त्यावर कॅसिनो, हे त्यांच्याच यादीतलं उदाहरण. आमची साइट पाचव्यावरून कुठे गेली ते शोधायचंही मी सोडलं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला. 'ओटीपी दिला होता?' नाही. 'मग पैसे तुम्हीच पाठवलेत ना?' पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. साहेबांना डोमेन म्हणजे काय ते तीनदा सांगितलं. म्हणाले, 'वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग दिवाणी मामला.' बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर सापडतच नाही, हे दाखवलं, तर म्हणे जीएसटी ऑफिसला जा. तिथे म्हणाले, आधी एफआयआर आणा. बँकेने छापील उत्तर दिलं: व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केला आहे. म्हणजे पिस्तूल लावून लुटलं असतं तर बघू, असंच ना? चौथ्या फेरीला शिपाई म्हणाला, 'आंबेवाले आले.'

बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी तपासा, फुकट आहे. स्क्रीनशॉटवर जाऊ नका, प्रत्येक वर्ष स्वतः उघडा. 301 लावलं असेल तर आजच काढा.

काल रिन्यूअलची मेल आली, 1,249 रुपये. भरणार नाही. सुटेल परत, आणि कोणीतरी कोणाला तरी '2009 चं आहे दादा' म्हणून विकेल.