स्क्रीनची उंची व्यापणारी पाने: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुक्ताईनगर तालुक्यातील तापी-पूर्णा काठच्या केळी बागायतदारांच्या एका गटासाठी मी मालाच्या वजनाच्या नोंदी ठेवणारे वेबपान तयार केले, त्याला आता आठ महिने झाले. वर गटाचे नाव व तारीख, मध्ये त्या दिवशीच्या कापणीच्या नोंदी आणि तळाशी ‘नोंद जतन करा’ हे बटण, एवढीच त्याची मांडणी. नोंदी दोन असोत वा चाळीस, बटण पडद्याच्या तळाशी कायम दिसले पाहिजे, ही गटाची एकमेव अट होती.

सुरुवातीला मी मुख्य चौकटीला १०० व्हीएच उंची दिली (एक व्हीएच म्हणजे पडद्याच्या उंचीचा शंभरावा भाग). जळगावच्या माझ्या संगणकावर पान अगदी चपखल बसले. शेताच्या बांधावर मात्र पहिल्याच सकाळी वजन करणाऱ्या मुलाचा फोन आला, “दादा, बटण दिसतच नाही.” फोनच्या ब्राउझरमधील पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी सरकून लपते, आणि १०० व्हीएच म्हणजे ती पट्टी लपलेली असतानाची, सर्वांत मोठी उंची. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये २०१७ मधील ५६व्या आवृत्तीपासून हाच हिशेब आहे आणि आयफोनच्या सफारीतही तो तसाच आहे. त्यामुळे पान उघडते त्या क्षणी, म्हणजे पट्टी दिसत असताना, तिच्या उंचीइतका तळाचा भाग पडद्याखाली जातो. माझ्या पानात नेमके बटणच तिथे होते.

यावरचा उपाय म्हणजे उंचीची नवी एकके. एसव्हीएच हे पट्टी दिसत असतानाची लहान उंची मोजते, एलव्हीएच पट्टी लपल्यावरची मोठी, तर डीव्हीएच त्या क्षणी जी असेल ती. सफारी १५.४ आणि फायरफॉक्स १०१ यांत ही एकके २०२२च्या पूर्वार्धात आली आणि क्रोम १०८ मध्ये त्याच वर्षाच्या अखेरीस. जुन्या फोनसाठी मी आधी १०० व्हीएचची ओळ लिहितो आणि तिच्याखाली १०० डीव्हीएचची. ज्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही तो ती सोडून देतो आणि पहिली पाळतो.

सुरुवातीला मला डीव्हीएच सर्वत्र वापरावेसे वाटले, आणि तिथे माझे चुकले. गटाच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर बागेचे पडदाभर छायाचित्र आहे व त्याखाली भावाचा तक्ता. वाचणारा पान वर सरकवू लागला की पट्टी लपते, छायाचित्राची उंची वाढते आणि बोटाखालचा तक्ता खाली ढळतो. भाव वाचणाऱ्याची ओळ चुकते. तिथे मी एसव्हीएच घातले. पट्टी लपल्यावर खाली तक्त्याची एखादी ओळ डोकावते, पण पान स्थिर राहते, आणि मला स्थैर्य अधिक मोलाचे वाटते. नोंदींच्या पानात मात्र संपूर्ण पान सरकत नाही, फक्त आतली यादी सरकते, म्हणून तिथे डीव्हीएचच योग्य ठरले.

एककांपेक्षाही मला अधिक शिकवले ते उरलेल्या जागेच्या हिशेबाने. आधी मी शीर्षपट्टीचे ६४ आणि बटणाचे ४८ पिक्सेल धरून यादीची उंची ‘कॅल्क’ या आकडेमोडीच्या सूत्राने १०० व्हीएचमधून ११२ पिक्सेल वजा करून काढत असे. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तेव्हा हे बरोबर आले. गटाचे मराठी नाव लहान फोनवर दोन ओळींत गेले, एका ज्येष्ठ बागायतदाराने अक्षरे मोठी केली, आणि वजाबाकी खोटी पडली. त्याहून वाईट म्हणजे शीर्षपट्टीची उंची पक्की केल्याने ‘पूर्णा’ या शब्दाचा खालचा ऊकार छाटला गेला. ज्या लिपीत एका अक्षरावर रफार आणि दुसऱ्याखाली ऊकार येतो, तिच्या ओळीला उभी जागा मोकळी सोडावी लागते. मराठीत पान करणाऱ्याने मजकुराच्या पट्टीला पक्की उंची देऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

आता मुख्य चौकट ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत विभागलेली मांडणी, आहे आणि तिच्या ओळी ‘ऑटो, १एफआर, ऑटो’ अशा आहेत. वरची व खालची ओळ आपल्या मजकुराइतकी वाढते आणि उरलेली सगळी जागा मधलीला मिळते. वजाबाकी आपण करायचीच नाही. माझी सरकणारी यादी मधल्या भागाच्या आत आणखी एका चौकटीत होती, त्यामुळे मधला भाग यादीइतका फुगून बटणाला खाली ढकलत असे. त्या भागाला ‘मिन-हाइट’ (किमान उंची) शून्य दिल्यावर तो आकसला. या एका ओळीसाठी माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली.

शंभर टक्के उंचीचा जुना मार्गही मी वापरून पाहिला. टक्केवारीला वरच्या प्रत्येक चौकटीची निश्चित उंची लागते. वरच्या चौकटीला नुसती ‘मिन-हाइट’ असेल, तर आतले १०० टक्के सहसा लागूच होत नाहीत. बॉडीचा, म्हणजे पानाचा सगळा मजकूर धरणाऱ्या चौकटीचा, मुळचा ८ पिक्सेलचा समास काढला नाही, तर पान विनाकारण सरकते, हेही तेव्हाच कळले.

कीबोर्डचा प्रश्न वेगळा आहे. या तिन्ही एककांपैकी एकही कीबोर्ड मोजत नाही, आणि क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवर कीबोर्ड उघडल्याने मांडणीची उंची कमी होत नाही. त्यामुळे वजन टाइप करताना बटण कीबोर्डमागे जात असे. व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पान पडद्यावर कसे बसवायचे हे ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीत, ‘इंटरॅक्टिव्ह-विजेट’ची किंमत ‘रिसाइझेस-कंटेंट’ केल्यावर क्रोममध्ये मांडणी कीबोर्डच्या वर आकसू लागली.

एक उणीव राहिली होती. फोन आडवा धरला की शीर्षपट्टी आणि बटण मिळून बहुतेक पडदा व्यापत आणि यादीला जेमतेम दोन ओळी उरत. गेल्या महिन्यात मी उंची ४२० पिक्सेलपेक्षा कमी असेल, तर चौकटीची उंची ‘ऑटो’ करणारी मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या मापानुसार लागू होणारा नियम, घातली. आडव्या फोनवर आता पान नेहमीसारखे सरकते आणि बटण यादीच्या शेवटी येते. आडवा फोन धरणाऱ्यांपुरती गटाने आपली अट सोडली आहे.