एल्डरलाइन 14567: पाचपैकी चार तारे, एका फिजिओथेरपिस्टकडून

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिंहगड रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका केअर सेंटरमध्ये दोन वर्षं व्हिजिटला जात होते, आठवड्यातून चार दिवस. खुब्याचं ऑपरेशन झालेले, अर्धांगवायूचे असे पेशंट. सेंटरचं नाव लिहीत नाही. हा रिव्ह्यू त्याचा नाही, गेल्या पावसाळ्यात मी ज्या हेल्पलाइनला फोन केला तिचा आहे.

तिथे 81 वर्षांच्या एक आजी होत्या. वॉकर धरून उभं करताना त्यांच्या गाऊनची बाही वर सरकली आणि दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटं रुतावीत तसे काळेनिळे डाग दिसले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या की नुसता पलंगाचा दांडा लागला तरी काळंनिळं होतं, हे मला माहीत आहे. पण ते बहुधा कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला होतं. दंडाच्या आत दांडा लागत नाही. कमरेला पट्टा बांधून उठवायचं सोडून दंडाला धरून ओढलं की तिथे वळ उठतात. त्याच आठवड्यात मनगटावर ओढणीच्या गाठीचा व्रण दिसला. ‘रात्री सलाईन ओढून काढतात म्हणून बांधावं लागतं,’ मावशी म्हणाल्या. आजींना सलाईन लावलेलंच नव्हतं.

हे सगळ्यात आधी आम्हाला दिसतं. डॉक्टर बीपी बघून पुढच्या पलंगाकडे जातात. नातेवाईक रविवारी येतात, तेव्हा पेशंट वेणीफणी करून बसवलेला असतो. उघडा दंड, माकडहाडावरची जखम, आपण हात वर केला की अंग चोरून घेणं, हे आमच्या पुढ्यात येतं. आणि आम्हीच गप्प बसतो, कारण व्हिजिटचे पैसे सेंटरचा मालक देतो. मी अकरा दिवस गप्प होते. ते दिवस अजून खुपतात.

बाराव्या दिवशी रिक्षात बसून 14567 लावला. ही केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, 1 ऑक्टोबर 2021 पासून देशभर चालू आहे. पैसे पडत नाहीत. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, शांतपणे. आत्ता जिवाला धोका आहे का, त्या खोलीत कोण कोण जातं, माझं नाव कळलेलं चालेल का, हे तिने विचारलं. मग म्हणाली, ‘मॅडम, आजींना स्वतःला काय हवंय?’

मी विचारलंच नव्हतं! डाग बघितले, मनात तारखा लावल्या, मालकाला काय सांगायचं याची जुळवाजुळव केली, पण आजींना काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दार लोटून विचारलं. आजी म्हणाल्या, ‘मुलाला सांगू नकोस गं पोरी, तो मला दुसरं कुठे ठेवणार? आणि ती बाई वाईट नाहीये. रात्री चौदा जणांना एकटी असते.’

जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेल्या आकडेवारीत अशा संस्थांमधल्या दर 3 पैकी 2 कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी गैरवागणूक झाल्याचं स्वतः कबूल केलंय. त्या मावशींना काढून दुसरी आणली असती, तर चौदा पलंग तिच्याही वाट्याला आलेच असते. हेल्पलाइनला मी हेही सांगितलं, आणि त्यांनी ते धरून ठेवलं. त्यांचा माणूस आला, आजींशी एकट्याने बोलला, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच मुलाला फोन झाला. मुलगा आधी चिडला. आई-वडिलांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्याने आई प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, पण इथे तुमच्यावर तक्रार नाही, असं त्याला नीट समजावलं गेलं. मग तो आला आणि स्वतः बाही वर करून बघितली.

आजी आता चिंचवडला त्याच्याकडे असतात. दिवसा एक ताई येते. सेंटरमध्ये रात्रीसाठी आणखी एक बाई ठेवल्याचं ऐकलं. माझ्या व्हिजिट मात्र बंद झाल्या, कारण कुणी सांगितलं नाही.

एक तारा कापला तो वेळेसाठी. लाइन सकाळी 8 ते रात्री 8, आणि हातपाय बांधले जातात ते त्यानंतर. तेव्हा 112 हा आपत्कालीन नंबर लावायचा. शिवाय एल्डरलाइनवाले पोलीस नाहीत, त्यांना कुणाला अटक करता येत नाही.

तुमचं कुणी अशा ठिकाणी असेल तर रविवार सोडून जा, संध्याकाळी उशिरा. बाही वर करा, टाचा आणि माकडहाड बघा. थेरपिस्टचा नंबर घेऊन त्याला घरी गेल्यावर फोन करा. मालकासमोर विचारलंत, तर तो ‘प्रोग्रेस छान आहे’ एवढंच म्हणेल. मीही तेच म्हणत होते.