वैशाखातलं अंड्यांचं मशीन आणि व्हिटॅमिन ईची बाटली

अंडी उबवायच्या मशीनला पाचपैकी तीन गुण, कोंबड्यांना पाजायच्या व्हिटॅमिन ईच्या बाटलीला चार. पण एकाचं काम दुसरं करत नाही, हे मला अख्खी बॅच वाया घालवून कळलं, म्हणून एवढं लिहितेय.

फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलेला हा १२० अंड्यांचा ऑटोमॅटिक इन्क्युबेटर साडेनऊ हजारांना पडला. घरी साठेक गावरान कोंबड्या आहेत. शिवरात्रीच्या सुमारास पहिली बॅच लावली. ९६ अंडी, सातव्या दिवशी टॉर्च लावून पाहिली, आत गर्भ न दिसलेली ११ बाद केली, एकविसाव्या दिवशी ७१ पिल्लं. पेढे वाटायचेच बाकी होते.

मग अकोल्याचा मे आला. सासूबाई म्हणाल्या, "वैशाखात कोणी अंडे बसवते काय? खुडूक कोंबडीही टोपली सोडून रांजणापाशी जाऊन बसते." मी म्हटलं, मशीन आहे ना, ३७.५ अंश लावलं की झालं.

इथेच फसले. या मशीनला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीच ३८ वर गेली की हीटर बंद होतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. त्यात दुसऱ्या आठवड्यानंतर अंड्यातलं पिल्लू स्वतःची ऊब सोडतं ती वेगळीच. अलार्म वाजतो, पण ओरडण्यापलीकडे त्याला काही येत नाही. डिस्प्लेवर माझा भरवसा नव्हता, म्हणून घरातला तापाचा काचेचा थर्मामीटर झटकून अंड्यांमध्ये ठेवला. त्याचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, त्यामुळे दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान आपोआप कळतं. संध्याकाळी काढला तर १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे ३९ सेल्सिअसच्या वर. डिस्प्ले मात्र दुपारभर ३८.६ च्या पुढे सरकला नव्हता. सेन्सर वर पंख्याजवळ, अंडी खाली. सेटिंगमध्ये हा फरक दुरुस्त करता येतो, पण ते कंपनीच्या हेल्पलाइनने नाही, माझ्या भाच्याने शोधून दिलं.

मेच्या बॅचमध्ये १०८ अंडी होती. ३४ तर रिकामीच, म्हणजे गर्भ नसलेली निघाली. उन्हात कोंबडाही मंदावतो. पिल्लं विसाव्या दिवशीच फुटायला लागली तेव्हा आधी आनंद झाला. हातात घेतली तर अंगाने बारकी, काहींची बेंबी ओली, नीट मिटलेली नाही. ३८ निघाली, त्यातली सात आठवडाभरात गेली. न फुटलेली अंडी फोडली तर आत पुरती वाढलेली पिल्लं पडद्याला चिकटून मेलेली. सकाळी भरलेला पाण्याचा ट्रे संध्याकाळी खडखडीत असायचा. शेवटचे तीन दिवस ओलावा ६५ टक्क्यांच्या वर लागतो, आमच्या कोरड्या हवेत तो ५० वरही टिकेना.

मधे एका दुकानदाराच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन सीची पावडर पाण्यात कालवून दहा अंड्यांवर फवारली होती. त्यातलं एक बाराव्या दिवशी मशीनमध्येच फुटलं. तो वास काय सांगू! कवच ओलं झालं की छिद्रांतून जंतू आत जातात, हे दवाखान्यातल्या पशुवैद्यांनी नंतर सांगितलं, कपाळाला हात लावून.

बाटली त्यांनीच लिहून दिली. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम, पाण्यातून द्यायचं. औषध अंड्याला नाही, कोंबडीला. आणि कोंबड्यालाही, कारण उन्हाने त्याचं वीर्यही बिघडतं. बलक भरायला दहाएक दिवस लागतात, त्यामुळे आज पाजलेलं अंड्यात पुरतं उतरायला दोन आठवडे धरायचे. म्हणजे अंडी मशीनमध्ये गेल्यावर बाटली आणून काही उपयोग नाही. बाटलीवरच्या मापाबाहेर थेंबही जास्त नको, सेलेनियम जास्त झालं की विषच. सीची पावडरही दिली, पण सकाळच्या गार पाण्यात, दोन तासांत संपेल एवढीच, उन्हात ती टिकत नाही. कोंबडी सी स्वतः तयार करते, पण धापा टाकायला लागली की ते तिला पुरत नाही.

जूनअखेर तिसरी बॅच लावली. १०० अंडी, १४ बाद, ७४ पिल्लं, खणखणीत. सगळं श्रेय बाटलीला देणार नाही. तोवर पाऊस पडला होता, मशीन कूलरच्या खोलीत हलवलं होतं, ट्रे दोनदा भरत होते. शिवाय बसवायची अंडी आता मी माठाच्या आडोशाला ठेवते, पाच दिवसांच्या आत लावते. मेमध्ये ती पत्र्याखाली फळीवर होती. तिथे गर्भ अर्धवट वाढून मशीनमध्ये जायच्या आधीच मरत असणार. तरी रिकाम्या अंड्यांचा आकडा ३४ वरून १४ वर आला, त्यात कोंबड्याला पाजलेल्या बाटलीचा वाटा आहे असं मी धरते. चव कडू नाही, कोंबड्या पाणी सोडत नाहीत. झाकण मात्र गळकं, म्हणून एक गुण कापला.

लाईटचंही सांगते. थंडीत लाईट गेली की मशीनवर गोधडी टाकतात. मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यातल्या अंड्यांना, मी उलट झाकण उघडलं. पंखा बंद पडला की अंडी स्वतःच्याच उबेने उकडतात.

घ्यायचं तर घ्या, पण अक्षय्य तृतीयेनंतर कूलर असेल तरच लावा. टर्निंगची, म्हणजे अंडी फिरवणारी मोटर जुलैअखेर बंद पडली. वॉरंटीत आहे, "पाठवतो" म्हणाले, अजून आलेली नाही. तोवर प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, आणि दिवसातून तीनदा हाताने फिरवणं चालू आहे.