थंडीत गाडीवर हात: जाड हातमोजे घ्यावेत की हँडलला कव्हर?

पहाटे तालुक्याच्या मार्केटात भाजी न्यायची असो, दुधाच्या कॅन पोचवायच्या असोत किंवा रात्रपाळीची लाइन आली म्हणून हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात निघायचं असो, डिसेंबर-जानेवारीत गाडीवर सगळ्यात आधी गारठतात ती बोटं. मग माणूस बाजारात जाऊन जाड मोजे शोधतो. आमच्या मते पैसे आधी हँडलवर घालावेत आणि मोज्यांचं नंतर बघावं.

कारण वारा. नागपूर-गोंदियाकडे पारा 8 ते 10 अंशांवर येणं नेहमीचंच आहे; 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात तो 3.5 पर्यंत उतरला होता. पण गाडीवरच्या हाताला नुसता पारा लागत नाही. वाऱ्याच्या गारव्याचं जे सूत्र हवामानशास्त्रात वापरतात, त्याप्रमाणे 10 अंशांत ताशी 50 च्या वेगाने उघड्या कातडीला साधारण साडेपाच अंशांची थंडी लागते. वेग 30 वर आणला तरी ती साडेसहाच्या आसपासच असते. म्हणजे हळू चालवून फायदा जेमतेम एका अंशाचा. वारा पूर्ण अडवला तर मात्र तो साडेचार अंशांचा. शिवाय छाती गार पडली की शरीर हातापायांचं रक्त आखडतं घेतं, त्यामुळे वारा न शिरणारं जाकीट नसेल तर महागातले मोजेही कमी पडतात.

मोज्यांचे प्रकार

लोकरीचे विणलेले मोजे शंभर-दोनशेत मिळतात. शेकोटीपाशी छान, गाडीवर निकामी, कारण विणीच्या भोकांतून वारा सरळ आत येतो आणि दवाने ते ओले होतात. पण त्यांच्यावर एक माप मोठे रबरी मोजे चढवले, की हीच जोडी अर्ध्या तासाच्या रस्त्याला बरी चालते. वारा आणि पाणी दोन्ही अडतात, ब्रेकवरची पकडही सुटत नाही. त्याहून लांब जायचं असेल तर घाम आतच साचतो आणि बोटं आतून ओली होऊन पुन्हा गारठतात. हातावर प्लास्टिकची पिशवी बांधू नये. ती ग्रिपवर घसरते आणि ऐन वेळी रेस सोडताना हाताला अडकते.

चामड्याचे किंवा आत फर असलेले रेक्झिनचे मोजे वारा चांगला अडवतात. काही जण वेल्डिंगचे मोजे घालतात. स्वस्त आणि मजबूत असतात, पण त्यांचं खरबरीत चामडं पाणी पितं आणि वाळायला दिवस घेतं. ओलं चामडं चुलीपाशी किंवा सायलेन्सरवर वाळवलं तर आकसून कडक होतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीतच वाळवावं.

पाणी अडवणारा पडदा आत असलेले रायडिंगचे हिवाळी मोजे साधारण तीन ते सहा हजारांत येतात. लांबच्या रस्त्याला आणि पावसात मोज्यांमध्ये यांच्या तोडीचं काही नाही. दोन खोडी मात्र आहेत. पडदा आत असल्याने वरचं कापड भिजतंच आणि ते वाऱ्यात वाळताना उष्णता ओढून नेतं. हात कोरडा राहतो पण गारठतो. दुसरी खोड अस्तराची. ओला हात घाईने बाहेर ओढला तर हलक्या मोज्यातलं अस्तर बोटांसकट उलटं होतं आणि पुन्हा आत बसवता बसवता नाकी नऊ येतात. काढताना एकेक बोट टोकाला धरून सैल करावं.

मोजा कोणताही घ्या, दुकानात नुसता घालून बघू नका. गाडीवर बसून मूठ आवळा. बोटाच्या टोकाशी तीन-चार मिलिमीटर जागा उरली पाहिजे. घट्ट मोज्यात रक्तही दाबलं जातं आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. दोन बोटांनी ब्रेक ओढा, इंडिकेटर आणि डिपर न बघता चालवा. जमत नसेल तर मोजा जास्तच जाड आहे.

हँडलचं कव्हर

ग्रिप आणि लिव्हर झाकणारी, हात आत घालायची ही पिशवी. दिसायला बेढब, म्हणून पोरं टाळतात. तरी रोजच्या दहा-वीस किलोमीटरसाठी आमची पहिली पसंती हीच. आत वारा नसल्याने साधा पातळ मोजा पुरतो आणि पातळ मोज्यात क्लच-ब्रेकचा अंदाज शाबूत राहतो. तयार जोडी पाचशेच्या आसपास मिळते, पण ती बहुधा स्कूटरच्या मापाची असते. त्यापेक्षा सीट कव्हर शिवणाऱ्याकडून करून घ्यावी. बाहेर रेक्झिन, मध्ये पातळ फोम किंवा जुन्या ब्लँकेटचा तुकडा, आत गुळगुळीत अस्तर. आत फर लावू नका, मोजा अडकतो. हात घालायचं तोंड सपाट मोजलं तर निदान 18 सेंटिमीटर रुंद हवं, म्हणजे गाडी घसरली तरी हात एका झटक्यात बाहेर येतो. खताच्या पोत्याचं करणारेही आहेत, पण पोत्याची कड उसवते आणि तिचे धागे लिव्हरच्या बिजागरीत गुंततात. कड दुमडून शिवली तरच ते वापरावं.

बांधताना चूक होते ती उजव्या बाजूला. कव्हर ग्रिपवर आवळलं तर रेस परत येत नाही. आतल्या बाजूने ते हँडलच्या नळीला आणि वरून आरशाच्या दांड्याला बांधावं, फिरणाऱ्या ग्रिपला कधीच नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनचा आवाज चढला तर केबल ओढली जातेय. रेस पूर्ण देऊन सोडली की ग्रिप खट्कन मागे आली पाहिजे.

दुसरा दोष वेगात कळतो. वाऱ्याने मऊ कव्हर मागे दबतं आणि ब्रेकच्या किंवा क्लचच्या लिव्हरवर रेटा देतं. क्लच अर्धवट दबून राहिला तर प्लेट जळतात. पुढचा ब्रेक घासत राहिला तर पेट्रोल जास्त लागतं आणि मागे लाल दिवा पेटलेलाच राहतो, मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळत नाही. उपाय म्हणजे आधी प्लास्टिकचे कडक हँडगार्ड बसवणं आणि कव्हर त्यावरून चढवणं. नुसते हँडगार्डही बोटांवरचा बराच वारा तोडतात. ज्यांना कव्हर नकोच, त्यांनी निदान तेवढं करावं.

तापणाऱ्या ग्रिप

चार-पाच हजारांच्या पुढचा खर्च. शंभर सीसीच्या गाडीला आम्ही सांगणार नाही. जोडी 36 वॅटची धरली तरी 12 व्होल्टला 3 अँपिअर ओढते, आणि या गाड्यांची बॅटरीच साधारण 3 अँपिअर-अवरची असते. हेडलाइट लावून हळू चालताना चार्जिंग पुरलं नाही की तासाभरात सेल्फ बंद. त्यातून ऊब मिळते तळहाताला, वारा मात्र लागतो बोटांच्या पाठीला. म्हणजे कव्हर किंवा हँडगार्ड लागणारच. 350 सीसीच्या गाडीवर, फ्यूज आणि रिले घालून, चावी बंद केली की बंद होतील अशा जोडल्या तर चैन आहे. चिखलदऱ्याच्या घाटात पहाटे वरचेवर जाणाऱ्याने विचार करावा.

अवकाळी पावसात बाहीचा प्रश्न येतो. पाणी खांद्यावरून बाहीवर आणि बाहीवरून मोज्यात उतरतं, म्हणून पावसात मोज्याचं मनगट रेनकोटच्या बाहीखाली घ्यावं. कोरड्या थंडीत उलट, लांब मनगट बाहीवरून चढवावं, नाहीतर वारा कोपरापर्यंत घुसतो. बोटं सुन्न झालीच तर थांबून हात काखेत धरावेत. इंजिनवर किंवा सायलेन्सरवर ठेवू नयेत. सुन्न कातडीला भाजलेलं कळत नाही.

कव्हर लावणाऱ्यांसाठी एवढंच: आत दव साचून लिव्हरचे बोल्ट आणि स्विच गंजतात, तेव्हा महिन्यातून एकदा कव्हर काढून उन्हात टाकावं आणि बिजागरीला ग्रीस लावावं. गाडी गोठ्यात उभी राहत असेल तर सकाळी हात घालण्याआधी कव्हर एकदा झटकावं. उंदरांनाही ती ऊब आवडते.