पाप, विवेक आणि विश्वास यावरचा ऑनलाइन कोर्स: पौलावरचे लेसन अप्रतिम, पण दोषी वाटण्यावरचा लेसन परत रेकॉर्ड करायला हवा

ख्रिस्ती जीवनात पाप कशाला म्हणायचं, आपला विवेक, म्हणजे बरं-वाईट सांगणारं आतलं मन, किती ऐकायचा आणि विश्वासाचा त्याच्याशी काय संबंध, यावरचा हा रेकॉर्डेड कोर्स पूर्ण बघून झाला. पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते नीट लिहिणार आहे, कारण ज्यांना या विषयाची सगळ्यात जास्त गरज असते त्यांनाच तो एक लेसन त्रास देऊ शकतो.

आधी जे आवडलं ते. पाप शिकवायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी यादीच येते, दहा आज्ञा, मग गलतीकरांस पत्रातली देहाची कर्मं, हे करू नका ते करू नका, संपलं. इथे सुरुवातच रोमकरांस पत्राच्या, म्हणजे प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या, 14व्या अध्यायापासून केलीये आणि मला ते फार म्हणजे फारच आवडलं. रोमच्या मंडळीत काही जण मांस खायचे, काही जण फक्त भाजीपाला, काही जण ठराविक दिवस पाळायचे तर काहींना सगळे दिवस सारखेच, आणि खाणारे न खाणाऱ्यांना तुच्छ मानायचे तर न खाणारे खाणाऱ्यांना दोष लावायचे. पौलाचं स्वतःचं मत पक्कं आहे, कुठलाच पदार्थ मुळात अशुद्ध नाही असं तो सरळ लिहितो, तरीही ज्याचं मन धजत नाही त्याला तो खायला लावत नाही. उलट सांगतो की मनात संशय असताना जो खातो तो दोषी ठरतो, कारण ते विश्वासाने केलेलं नाही आणि जे विश्वासाने नाही ते पाप. म्हणजे एकाच टेबलावर बसून तेच खाणाऱ्या दोघांपैकी एक पाप करत असेल आणि दुसरा देवाचे आभार मानत असेल. हे शिक्षकांनी घाई न करता, वचन वाचत वाचत उलगडलंय.

आणि "मग काय, माझ्या मनाला पटलं की झालं" ही पळवाट त्यांनी तिथेच बंद केली हे बरं झालं. आदल्याच म्हणजे 13व्या अध्यायात पौल व्यभिचार, खून, चोरी, लोभ यांच्याविरुद्धच्या आज्ञा देतो आणि त्या सगळ्या शेजाऱ्यावरच्या प्रीतीत बसवतो, तिथे ज्याच्या त्याच्या मनावर सोडण्याचा प्रश्नच नाही. 14वा अध्याय वादाच्या गोष्टींसाठी आहे. ही रेघ मारली नाही ना तर अख्खा अध्याय उलटा वाचला जातो, आणि तसं वाचणारे लोक खूप आहेत.

त्यानंतरचा करिंथकरांस पहिल्या पत्रावरचा लेसनही तितकाच चांगला. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा प्रश्न. पौल म्हणतो बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, पण कोणी सांगितलं की हा नैवेद्य आहे तर खाऊ नका, स्वतःच्या विवेकासाठी नाही तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. माझा विवेक स्वच्छ असला तरी माझ्या वागण्याने दुसऱ्याचा मोडत असेल तर मी ख्रिस्ताविरुद्ध पाप करतोय असं तो 8व्या अध्यायात लिहितो. "माझं आणि देवाचं बघून घेईन" म्हणणाऱ्यांनी हा लेसन दोनदा बघावा.

विवेक चुकू शकतो का, हा भाग मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा आणि तो छान जमलाय. पौल स्वतः ख्रिस्ती होण्याआधी ख्रिस्ती लोकांना तुरुंगात टाकत होता तेव्हा त्याला वाटत होतं आपण योग्यच करतोय, प्रेषितांची कृत्ये 26 मध्ये तो स्वतः सांगतो. आणि नंतर त्यानेच लिहिलं की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. दावीद राजाचं उदाहरणही घेतलंय, त्याने उरियाच्या बायकोशी, बथशेबाशी, व्यभिचार करून उरियाला मारवलं होतं; नाथान संदेष्ट्याने सांगितलेल्या गोष्टीत गरिबाचं कोकरू घेणाऱ्या श्रीमंत माणसावर तो भडकतो, त्याला मरणदंड हवा म्हणतो, आणि बथशेबा व उरियाबद्दल मात्र त्याच्या मनात तोवर काही हललेलं दिसत नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत उभा राहिला आणि आपलं लिखाण मागे घ्यायला नाही म्हणाला तो प्रसंग सगळे सांगतात, पण लोक फक्त विवेकाविरुद्ध जाणार नाही एवढाच भाग उचलतात. माझा विवेक देवाच्या वचनाने बांधलेला आहे हेही तो तिथेच म्हणाला होता, आणि कोर्समध्ये त्यावरच जोर दिलाय. कॅथलिक शिकवणही आदराने मांडलीये: एखादं पाप मर्त्य, म्हणजे सगळ्यात गंभीर, ठरायला गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती या तीन अटी, शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये म्हटलेलं की पापाच्या सवयीने विवेक हळूहळू आंधळा होऊ शकतो. मी कॅथलिक नाही, तरी त्या तीन अटींमुळे बऱ्याच गोष्टी स्वच्छ दिसल्या.

आता तो एक स्टार. दोषी वाटण्यावरच्या लेसनमध्ये सांगितलंय की पाप कबूल केल्यावरही मनाला शांती नसेल तर कबुली अपुरी राहिलीये, अजून खोल शोधा. बेफिकीर माणसाला हे ठीक आहे. पण ज्याचं मन आधीच दिवसरात्र त्याला खातंय, झालेलं पाप, न झालेलं पाप, नुसता मनात येऊन गेलेला विचार, सगळंच पुन्हापुन्हा कबूल करतोय, त्याला "अजून शोधा" म्हणणं म्हणजे जखम परत उकरणं आहे. चर्चच्या इतिहासात हे नवीन नाही. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला स्पेनमधल्या मान्रेसामध्ये असताना, 1522 च्या सुमारास, जुनीच पापं परत परत कबूल करत राहिला, जिवावर बेतेल इतका त्रास झाला. त्याच्या कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने सांगितलं की अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांग, पण त्याला तर सगळंच स्पष्ट वाटायचं. ल्यूथरही मठात असताना तासन्तास कबुली द्यायचा आणि तरी सुटका नव्हती. अशा माणसांना अजून शोधायला लावून काही मिळत नाही. त्यांना योहानाच्या पहिल्या पत्राचा 3रा अध्याय हवा, आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. हे वचन त्या लेसनमध्ये एकदाही येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा, दोघांनीही त्याला दगा दिला, दोघेही कळवळले, पण एक ख्रिस्ताकडे परत आला आणि दुसरा आला नाही. दुःख किती खोल होतं यापेक्षा ते माणसाला कुठे घेऊन गेलं हे बघायला हवं, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 7व्या अध्यायात पौल नेमकं हेच सांगतो.

आणि काही जणांच्या बाबतीत हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा, प्रकार असतो, त्याला डॉक्टर लागतो, पाळकांबरोबरच डॉक्टर. हे एका वाक्यात तरी सांगायला हवं होतं.

बाकी आवाज स्वच्छ आहे, पीडीएफमधले प्रश्न ठीकठाक, काही लेसन उगाच लांबलेत. गटात बसून करणार असाल तर रोमकरांस आणि करिंथकरांसवरचे लेसन आधी घ्या, त्यावर चर्चा मस्त रंगते. स्वतःला सतत दोष देणारं कोणी तुमच्या गटात असेल तर दोषी वाटण्याचा लेसन लावूच नका, त्या जागी योहानाचं पहिलं पत्र मोठ्याने वाचा आणि नंतर त्या व्यक्तीशी एकट्याने बोला.